पकडीची साखळी



कबड्डीच्या मैदानाभोंवतीं जमलेल्या समुदायाकडे क्षणभर पाहिलें, तर एक गोष्ट सहज ध्यानांत येते. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून प्रतिपक्षांत शिरला कीं सर्वांचे डोळे त्याच्या पावलांवर खिळतात. तो गडी मारून परतला कीं टाळ्यांचा कडकडाट होतो. आणि दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत जें नांव झळकतें तेंही बहुधा त्याचेंच असतें. पलीकडे उभ्या असलेल्या सात गड्यांची विचारपूस क्वचितच होते. परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, कोठेंही खेळणाऱ्या मुलांस विचारून पाहावें. "मी चढाईस जाईन" असें म्हणणारे पुष्कळ भेटतील, "मी कोपरा सांभाळीन" असें म्हणणारा विरळा. आणि तरीही या खेळाचा इतिहास पाहतां, ज्या संघाकडून लोकांनीं फारशी अपेक्षा केली नव्हती तो जेव्हां जेव्हां वर आला, तेव्हां तेव्हां त्यामागें बहुधा हीच पकड करणाऱ्यांची फळी उभी होती. ही फळी नेमकें काय करते, तिच्याविषयीं प्रेक्षकांचा अंदाज वारंवार कां चुकतो, आणि त्यांतून आपण काय घ्यावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम खेळाच्या पूर्वपीठिकेविषयीं थोडें. महाराष्ट्रांत हुतुतू, दक्षिणेंत चेडुगुडू, बंगाल्यांत हाडुडू अशा निरनिराळ्या नांवांनीं हा खेळ पूर्वापार चालत आला. त्याला नियमांच्या चौकटींत बसविण्याचें काम मुख्यतः महाराष्ट्रांत व बडोद्यास झालें. १९२३ सालीं बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें नियम छापून सामने भरविले. १९३६ सालीं बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तो परदेशीयांस दाखविला. १९५० सालीं अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, आणि १९९० सालीं बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत या खेळास मानाचें स्थान मिळालें. या कामीं ज्यांनीं आयुष्य वेंचलें त्या शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रांत कबड्डीदिन म्हणून पाळला जातो.

आतां मैदानाकडे वळूं. पुरुषांचें मैदान तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद असतें. मध्यरेषेनें त्याचे दोन सारखे भाग पडतात. म्हणजे प्रत्येक पक्षाच्या वांट्यास साडेसहा मीटर खोलीची जागा येते. दोन्ही बाजूंस एक एक मीटरची राखीव जागा वजा केली म्हणजे झुंज सुरूं होण्यापूर्वीं रुंदी आठ मीटरच उरते. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर निदानरेषा असून तिच्या मागें एक मीटरवर बोनसरेषा असते. चढाईपटूस कोणास स्पर्श न करतां परत यावयाचें असेल, तर निदानरेषा एकदां तरी ओलांडली पाहिजे. नाहीं तर तो बाद. म्हणजे त्याला खोल शिरल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि खोल शिरल्यावर परतीच्या वाटेवर पावणेचार मीटरांचें अंतर तोडावें लागतें. तरुण धांवपटूस हें अंतर तीन-चार ढांगांचें. पकड करणाऱ्या फळीचें सर्व शास्त्र या तीन-चार ढांगांभोंवतीं रचलेलें आहे.

सात गडी अर्धवर्तुळाकार उभे राहतात. दोन्ही टोंकांस कोपरारक्षक. त्यांच्या शेजारीं हात धरून उभे राहणारे दोघे. त्यांच्या आंत मध्यरक्षक, ज्यांस खेळाडू "कव्हर" म्हणतात. आणि मधोमध एक गडी. यांतील प्रत्येकाचें काम वेगळें आहे. कोपरारक्षक बहुधा सर्वांत मागें व सर्वांत खालीं वांकून उभा असतो. चढाईपटूचा पाय बोनसरेषेकडे लांबला, किंवा तो वळतांना त्याचा तोल एका पायावर आला, कीं त्याच क्षणीं त्यानें घोटा अगर मांडी धरावयाची. परंतु धांवत्या मनुष्याचा पाय धरून त्याला एकट्यानें रोखून ठेवणें हें सामान्यतः होत नाहीं. चढाईपटूच्या अंगांत वेग असतो. धरणारा बसल्या जागेवरून उठत असतो. आणि चढाईपटूचा नुसता हात जरी मध्यरेषेपलीकडे टेंकला, तरी धरणाराच बाद होतो. म्हणून कोपऱ्यानें पाय धरतांच मध्यरक्षकानें समोरून अंग घालून परतीची वाट अडवावी लागते, शेजाऱ्यानें कंबर पकडावी लागते, आणि उरलेल्यांनीं चढाईपटूस मध्यरेषेपासून मागें लोटावें लागतें. हें सारें एका श्वासांत व्हावयास हवें. कोपऱ्यानें उडी घेतली आणि मध्यरक्षकानें विचार करण्यांत अर्धा क्षण घालविला, तर दोघेही बाद होण्याचा संभव. उलट मध्यरक्षक आधींच झेपावला आणि कोपरा तयार नसला, तर तीच गत.

आपल्याकडे शेतांत बैलजोडी जुंपतांना शेतकरी काय पाहतो? एक बैल कितीही बळकट असला, तरी दुसरा त्याच्या चालीनें चालत नसेल तर तास वांकडें जातें. पकडीचें तसेंच आहे. कुस्तींत एकास एक असतो. तेथें एकाचें बळ सगळा निकाल लावतें. कबड्डीच्या पकडींत बळापेक्षां वेळ साधण्यास महत्त्व अधिक.

ही गोष्ट अंकगणितानें अधिक स्पष्ट होईल. समजा, एक पकड पुरी होण्यास चार गड्यांनीं आपापलें काम बिनचूक केलें पाहिजे, आणि प्रत्येकजण शंभरांतून नव्वद वेळां तें करतो. प्रत्येकाकडे वेगळें पाहिलें तर तो उत्तमच खेळाडू म्हणावा लागेल. परंतु चौघांचें काम एकाच वेळीं साधण्याचा योग शंभरांत सुमारें छासष्टच वेळां येतो. आतां प्रत्येकानें सराव वाढवून नव्वदांचे पंचाण्णव केले, तर साऱ्या साखळीचें यश छासष्टांवरून एक्याऐंशींवर जातें. म्हणजे प्रत्येक कडी पांचांनीं सुधारली, पण साखळी पंधरांनीं. उलट बाजूही पाहा. तिघे नव्वदांचेच राहिले आणि चौथा गडी पन्नासांवर घसरला, तर साखळीचें यश एकदम छत्तिसांच्या आसपास येतें. चढाईपटूचें असें नसतें. तो बव्हंशीं एकटाच असल्यामुळें जितका सुधारेल तितकीच त्याची कमाई सुधारते.

प्रेक्षकांचे अंदाज कां चुकतात याचें एक मोठें कारण येथेंच सांपडतें. फळीची सुधारणा बाहेरून दिसत नाहीं. चौघांपैकीं प्रत्येकजण मागील वर्षापेक्षां किंचित् बरा झालेला असतो; ती किंचित् सुधारणा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. मग एके दिवशीं फळी एकाएकीं अभेद्य झालेली दिसते, आणि लोक म्हणतात, "हें कोठून आलें?" तें कोठूनही आलेलें नसतें, रोजच्या सरावांतून थोडें थोडें सांचलेलें असतें.

दुसरें कारण असें कीं, फळीच्या पुष्कळ कामाची नोंदच होत नाहीं. चढाईपटू आला, इकडे तिकडे फिरला, कोणी त्याला जवळ येऊं दिलें नाहीं व कोणी उतावीळही झाला नाहीं, आणि तो रिकाम्या हातानें परत गेला. गुणफलकावर शून्य. प्रेक्षक म्हणतो, कांहीं घडलें नाहीं. परंतु अलीकडील व्यावसायिक सामन्यांच्या नियमाप्रमाणें लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईंत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू बाद होतो. म्हणजे संयमानें घालविलेल्या पहिल्या दोन चढायांनींच तिसऱ्या चढाईचा सांपळा रचलेला असतो. तिसऱ्या वेळीं जो पकड करतो त्याच्या नांवावर गुण लागतो. ज्यांनीं पहिल्या दोन वेळां आपला हात आवरला त्यांच्या नांवावर कांहींच लागत नाहीं.

गुणांच्या हिशेबांतही पकडीचें मोल वरून दिसतें त्याहून अधिक आहे. पकडीस एक गुण मिळतो एवढेंच आपण पाहतों. पण त्या एका पकडीनें प्रतिपक्षाचा चढाईपटू, म्हणजे बहुधा त्यांचा सर्वोत्तम गडी, मैदानाबाहेर बसतो. आणि आपला बाद झालेला एक गडी पुन्हां आंत येतो. शिवाय तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असतांना पकड साधली, तर एक गुण अधिक, म्हणजे दोन गुण मिळतात. सर्व गडी बाद होऊन लोण चढण्याच्या बेतांत असलेला संघ अशा एक-दोन पकडींनीं सांवरतो. मैदानांत दोघेच उरले, लोक उठूं लागले, आणि त्या दोघांनीं सामना फिरविला, अशी उदाहरणें या खेळांत थोडीथोडकीं नाहींत.

आतां प्रत्यक्ष घडलेलें उदाहरण घेऊं. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग या नांवानें व्यावसायिक संघांचे सामने सुरूं झाले. त्यांत पुण्याचा "पुणेरी पलटण" हा संघ आरंभापासून आहे. पहिल्या दोन्ही मोसमांत हा संघ गुणतक्त्याच्या तळाशींच राहिला. पुढें तो सुधारला, परंतु विजेतेपद हातीं लागेना. २०२२ च्या डिसेंबरांत तो प्रथमच अंतिम सामन्यांत गेला; तेथें जयपूर पिंक पँथर्सनें त्याला ३३-२९ असें हरविलें. त्या वर्षीं संघाचा डावा कोपरा इराणचा प्रख्यात खेळाडू फाजल अत्राचली सांभाळीत होता. पुढील मोसमापूर्वीं तो दुसऱ्या संघांत गेला. ज्याच्यावर फळीचा भार, तोच गेला. मग संघ उभा कसा राहणार, अशी शंका येणें स्वाभाविक होतें. त्याच्या जागीं मोहम्मदरेझा शादलूई हा दुसरा इराणी तरुण आला. उजव्या कोपऱ्यावर गौरव खत्री, मध्यरक्षक म्हणून महाराष्ट्राचा संकेत सावंत व तामिळनाडूचा अबिनेश नादराजन, कर्णधार अहमदनगर (आतां अहिल्यानगर) जिल्ह्यांतील अस्लम इनामदार, आणि शिक्षक बी. सी. रमेश, अशी ती रचना होती.

निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषा बोलणारे हे तरुण एका फळींत आले. विशेष असें कीं, २०२३ च्या ऑक्टोबरांत हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत भारतानें इराणला ३३-२९ असें हरविलें, तेव्हां इनामदार भारताकडून व शादलूई इराणकडून आला होता. दोनच महिन्यांनीं ते दोघे एका संघाचे गडी झाले. त्या मोसमांत पलटणीनें साखळी फेरीच्या २२ सामन्यांपैकीं १७ जिंकले, ३ बरोबरींत सोडविले, व दोनच गमावले. शादलूईनें पकडींत ९९ गुण मिळवून सर्वोत्तम बचावपटूचा मान घेतला. उपांत्य सामन्यांत पाटणा पायरेट्सला ३७-२१, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबाद येथें अंतिम सामन्यांत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें हरवून पलटणीनें पहिलें विजेतेपद मिळविलें. अंतिम सामन्यांत पंकज मोहिते याच्या चढायांचा मोठा उपयोग झाला, हें खरेंच. परंतु आंकड्यांकडे नीट पाहावें. त्या दोन महत्त्वाच्या सामन्यांत प्रतिपक्षास एकदां एकवीस व एकदां पंचवीस, यापलीकडे जाऊं दिलें नाहीं. अठ्ठावीस गुणांत विजेतेपद मिळतें, तें समोरच्याला पंचविसांवर थांबविणारी फळी असते म्हणून.

येथें एक आक्षेप निघणें शक्य आहे. हें सर्व एका शादलूईचेंच काम नव्हे काय? पुढील वर्षीं तो हरियाणा स्टीलर्सकडे गेला. आणि २०२४ च्या डिसेंबरांत हरियाणानें पाटण्यास ३२-२३ असें हरवून विजेतेपद मिळविलें. पलटण त्या मोसमांत पहिल्या सहांतही आली नाहीं. आक्षेप बिनतोड वाटतो. पण पूर्णपणें खरा नाहीं. वरील अंकगणित आठवावें. साखळींतील एक कडी निसटली कीं सबंध साखळीचें यश खालीं येतें. म्हणजे एक उत्तम गडी जाण्यानें संघ घसरला यावरून बाकीचे निरुपयोगी होते असें सिद्ध होत नाहीं, उलट सर्व किती एकमेकांवर अवलंबून होते हें सिद्ध होतें. आणि घडलेंही तसेंच. शादलूई परत आला नाहीं, तरी २०२५ सालीं पलटण पुन्हां अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचली. तेथें दबंग दिल्लीनें तिला ३१-२८ असें हरविलें खरें, परंतु तुटलेली साखळी पुन्हां सांधतां येते हें त्या संघानें दाखविलें.

याहूनही मोठें उदाहरण आपल्या अभिमानास थोडें बोंचणारें आहे. १९९० पासून २०१४ पर्यंत आशियाई स्पर्धांतील पुरुषांचीं सातही सुवर्णपदकें भारतानें मिळविलीं होतीं. २०१८ सालीं जकार्ता येथें आठवें पदकही आपलेंच, असें सर्वजण धरून चालले होते. उपांत्य सामन्यांत इराणनें आपणांस २७-१८ असें हरविलें. आपले चढाईपटू नामांकित होते. त्यांचीं नांवें मुलांच्या तोंडीं होतीं. तरीही सबंध सामन्यांत अठराच गुण मिळाले, कारण इराणच्या फळीनें कोणास वाट दिली नाहीं. ज्या देशानें हा खेळ आपल्यापासून घेतला, त्यानें पकडीचा अंग मन लावून अभ्यासिला. आणि पुढें त्याच देशाचे कोपरारक्षक आपल्या संघांनीं मोठीं मूल्यें देऊन आणले. शादलूईसाठीं पलटणीनें २ कोटि ३५ लक्ष रुपये मोजले होते. पकडीस इतकी किंमत कधीं येईल, असें या स्पर्धा सुरूं झाल्या तेव्हां कोणास वाटलें असेल?

अन्य देशांतील खेळांतही हाच प्रकार दिसतो. अमेरिकेंतील महाविद्यालयांत जो फुटबॉल खेळतात, तो आपल्या फुटबॉलहून अगदीं वेगळा. त्यांत अंडाकृति चेंडू हातीं घेऊन धांवतात किंवा फेंकतात. त्यांत आक्रमक पक्षाच्या पुढें पांच धिप्पाड गडी एका ओळींत असतात. मधला चेंडू मागें देतो. त्यानंतर या पांचांचें काम एकच, प्रतिपक्षाच्या धडका अंगावर घेऊन मागील खेळाडूस वाट मोकळी करून देणें. सामान्यतः फेंकलेला चेंडू झेलण्याचीही त्यांस परवानगी नसते. त्यामुळें गुण त्यांच्या नांवावर जवळजवळ कधींच लागत नाहींत. ही उणीव ओळखून जो मूर या ख्यातनाम शिक्षकाच्या नांवानें २०१५ पासून एक पारितोषिक देण्यांत येऊं लागलें. तें कोणा एकास नव्हे, तर सबंध ओळीस मिळतें. २०२० सालीं मिशिगन विद्यापीठाच्या संघानें केवळ दोन सामने जिंकले होते. पुढच्याच वर्षीं त्यानें बारा जिंकले, आणि तें पारितोषिक त्याच्या ओळीस मिळालें. २०२२ सालींही पुन्हां तिलाच. २०२४ सालीं तर वेस्ट पॉइंट येथील सेनाधिकाऱ्यांच्या विद्यालयाच्या ओळीनें बड्याबड्या विद्यापीठांस मागें टाकून तो मान पटकाविला. आपल्याकडे उत्तम चढाईपटू व उत्तम बचावपटू अशीं पारितोषिकें असतात. उत्तम फळीस पारितोषिक देण्याची ही कल्पना आपल्या शालेय सामन्यांतही आणण्याजोगी आहे.

मित्रहो, आपल्या जिल्ह्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत चिकटते व उन्हाळ्यांत भेगाळते. खेळण्याजोगें मैदान तयार करावयाचें तर त्यावर मुरूम-माती पसरून, पाणी मारून, चोपून घ्यावें लागतें. व्यावसायिक खेळाडूंस मिळणारी मऊ चटई सर्व शाळांस मिळत नाहीं. परंतु फळीच्या शिक्षणास जें लागतें, तें महाग नाहीं. चौघे-पांच जण रोज एकाच जागीं, एकाच शेजाऱ्याचा हात धरून उभे राहिले, चढाईपटूच्या तोंडाकडे न पाहतां कंबरेकडे व पायांकडे पाहण्याची संवय केली, आणि "आतां" हा शब्द कोणी उच्चारावयाचा हें एकदां ठरवून टाकलें, तर अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें म्हणजे काळ. संघ निवडणाऱ्यांनींही एवढें ध्यानांत ठेवावें कीं, दर सामन्यास कोपरे व मध्यरक्षक बदलले, तर ओळख होत नाहीं. आणि ओळखीवांचून साखळी होत नाहीं. एखाद्या मुलानें पहिल्या दोन सामन्यांत घाईनें उडी घेऊन गुण घालविला म्हणून त्यास कायमचें बाहेर बसविणें हा कच्चा हिशेब होय.

प्रेक्षकांनाही एक विनंती. पुढील सामन्यांत एखादी चढाई चढाईपटूकडे न पाहतां समोरच्या फळीकडे पाहून काढावी. कोण कोणाचा हात दाबून इशारा देतो, कोण मोहास बळी न पडतां एक पाऊल मागें घेतो, कोण पडलेल्या सोबत्यास उठवून पुन्हां जागेवर उभा राहतो, हें दिसूं लागलें कीं रिकामी चढाई रिकामी वाटणार नाहीं. "गांव करी तें राव न करी" ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतों. कबड्डीच्या मैदानावर सात जणांचें तें गांव आपल्या समोर उभें असतें. त्याच्या वांट्याच्या टाळ्या त्यास वेळेवर द्याव्या, आणि ज्यास संधि मिळेल त्यानें एकदां तरी कोपऱ्यावर उभें राहून पाहावें.